वाट पाहणं आणि वाट करणं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मराठीत 'वाट' हा शब्द दोन ठिकाणी राहतो. एक वाट पायाखाली असते, दुसरी डोळ्यांत. कुणाची 'वाट पाहणं' म्हणजे तो ज्या रस्त्यानं येणार, त्या रस्त्याकडे डोळे लावून बसणं. आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना ही दुसरी वाट चांगली ओळखीची आहे. मृगाची वाट, एस.टी.ची वाट, नळाला पाणी येण्याची वाट. २०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा माणसं रुळांकडे कशी बघत होती, ते आम्ही विसरलेलो नाही.

आज मला अशाच एका वाट पाहण्याविषयी बोलायचं आहे. नाताळ सगळ्यांना माहीत आहे. केक, आकाशकंदिलासारखा टांगलेला तारा, लाल टोपीतला सांताक्लॉज. पण नाताळच्या आधी जवळजवळ चार आठवडे कॅथलिक ख्रिस्ती समाज त्या दिवसाची वाट पाहत असतो आणि त्या काळाला 'आगमनकाळ' असं सुंदर मराठी नाव आहे, हे मला पन्नाशी गाठेपर्यंत माहीत नव्हतं.

ते कळलं साहित्य संमेलनामुळे. १० ते १२ जानेवारी २०२० या दिवसांत तेव्हाच्या उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. एक ख्रिस्ती धर्मगुरू मराठी संमेलनाचे अध्यक्ष होतात, हे काहींना रुचलं नव्हतं. विरोध झाला, तरी संमेलन भरलं आणि मांडवही भरला. फादरांचं मराठी ऐकताना माझ्या शेजारचा एक जण कौतुकानं म्हणाला, "काय शुद्ध मराठी बोलतात हो!" मला हसू आलं, कारण हे वाक्य मी माझ्याबद्दलही फार वेळा ऐकलं आहे. माझं नाव ऐकल्यावर आणि माझी कविता ऐकल्यावर लोक हेच म्हणतात. त्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण ज्या घरात आपण जन्मलो, त्याच घरात पाहुणा म्हणून आपलं स्वागत व्हावं, तसं काहीसं वाटतं.

माझ्या दुसऱ्या बाजूला वसईचे एक शिक्षक बसले होते. तेही हसले. आमची मैत्री तिथून सुरू झाली.

पुढे २२ ते २४ एप्रिल २०२२ ला ९५ वं संमेलन आमच्या उदगीरलाच झालं, तेव्हा ते माझ्या घरी उतरले. रमजानचा महिना होता. उन्हाचा तडाखा, मांडवात गर्दी आणि माझे रोजे. संध्याकाळी ते आमच्याबरोबर खजूर हातात घेऊन मगरिबच्या अजानची वाट पाहत बसायचे. जाताना म्हणाले, "तुमचा रमजान पाहिला. आता आमचा आगमनकाळ बघायला या."

जाणं झालं ते २०२४ च्या डिसेंबरात. त्याच वर्षी २५ जुलैला फादर दिब्रिटो गेले होते. म्हणून वसईच्या त्या पट्ट्यात फिरताना मनात थोडी रुखरुख होती.

वसईचा ख्रिस्ती समाज जुना आहे. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेतली. पोर्तुगीज गेले, चर्च राहिली, माणसंही राहिली. केळीच्या बागा, पानवेली, फुलशेती, भाजीपाला यांवर जगणारी ही माणसं घरात आपल्या बोलीत बोलतात आणि प्रार्थना प्रमाण मराठीत करतात. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. धर्मप्रांत म्हणजे बिशपांच्या देखरेखीखालचा मुलूख. त्याचे भाग म्हणजे धर्मग्राम, इंग्रजीत ज्याला पॅरिश म्हणतात ते. एक चर्च, तिथले धर्मगुरू आणि त्या चर्चशी जोडलेली आसपासची घरं मिळून एक धर्मग्राम होतं. जन्मानंतरचा बाप्तिस्मा, लग्न, मयत, सगळं तिथंच. आपल्याकडे मोहल्ला आणि मशीद, किंवा गाव आणि त्याचं ग्रामदैवत, तसं हे नातं आहे. आपल्या मराठवाड्यातही अशी धर्मग्रामं आहेत. औरंगाबादचा धर्मप्रांत १९७७ साली झाला. पण शेजारी काय आहे ते बघायला माणसाला कधी कधी लांबचा प्रवास करावा लागतो.

आता आगमनकाळाचा हिशेब सांगतो. नाताळच्या आधीचे चार रविवार मोजायचे. त्यातला पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. तिथून चर्चचं नवं उपासना-वर्ष सुरू होतं. म्हणजे त्यांचं नवं वर्ष जल्लोषानं नव्हे, तर वाट पाहण्यानं सुरू होतं. हा काळ कमीत कमी २२ आणि जास्तीत जास्त २८ दिवसांचा असतो. पहिल्या भागात प्रभू येशू शेवटच्या दिवशी पुन्हा येणार आहेत, या श्रद्धेवर भर असतो. १७ डिसेंबरपासून लक्ष बेथलेहेमकडे, जन्माकडे वळतं. हजरत ईसा पुन्हा येणार, अशी श्रद्धा आम्हा मुसलमानांमध्येही आहे आणि कुराणाच्या एकोणिसाव्या अध्यायाचं नावच 'मरियम' आहे. त्यामुळे ही गोष्ट मला परकी वाटली नाही.

या दिवसांत धर्मगुरूंची वस्त्रं जांभळी असतात. जांभळा हा संयमाचा, आत्मपरीक्षणाचा रंग. तिसऱ्या रविवारी मात्र गुलाबी वस्त्रं चालतात, कारण अर्धी वाट सरली म्हणून तो आनंदाचा रविवार. एरवी रविवारच्या मिस्सामध्ये जे गौरवगीत म्हणतात, ते या काळात म्हणत नाहीत. देवदूतांचं ते गाणं नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवायचं. गाणारा समाज चार आठवडे एक गाणं ओठांवर येऊ देत नाही, ही गोष्ट कवी म्हणून मला फार आवडली.

वेदीजवळ हिरव्या पानांचं एक कडं असतं आणि त्यात चार मेणबत्त्या. दर रविवारी एक जास्त पेटवायची. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, असं करत चौथ्या रविवारी चारही. या प्रथेची गोष्ट मजेशीर आहे. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात योहान विखेर्न नावाचे एक प्रॉटेस्टंट पाद्री गरीब मुलांसाठी आश्रम चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं रोज विचारून भंडावून सोडत. म्हणून १८३९ साली त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटवायची, म्हणजे दिवस मोजता येतील. पुढे कॅथलिकांनीही ही चाल उचलली. चांगली गोष्ट कुणाच्या अंगणातली आहे, हे मेणबत्ती विचारत नाही.

मी गेलो तो तिसरा रविवार होता, १५ डिसेंबर. पहाटेच्या थंडीत चर्च भरलेलं. डोक्यावर पदर घेतलेल्या आज्या, शाळकरी वेदीसेवक, कोपऱ्यात तबला-पेटी घेतलेला गायकवृंद. सगळं मराठीत. मित्राच्या आई ऐंशीच्या पुढच्या आहेत. मिस्सानंतर त्या म्हणाल्या, "मी लहान होते तेव्हा हे सगळं लॅटिनमध्ये होतं. पाठ होतं, पण कळत नव्हतं." १९६२ ते १९६५ या काळात रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि लोकांच्या भाषेत उपासना करायला मोकळीक मिळाली. तेव्हापासून वसईची वेदी मराठी बोलू लागली. नमाज अरबीत पढणाऱ्या मला त्या माउलीचं म्हणणं लगेच कळलं. पाठ असलेली भाषा आणि आतून उमटणारी भाषा, दोन्हींचा आधार वेगवेगळा असतो.

तसं पाहिलं तर मराठी आणि ख्रिस्ती धर्म यांचं नातं याहून कितीतरी जुनं आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूंनी मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' लिहिलं, ते १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या. त्याचे दोन भाग आहेत. येशूचा जन्म आणि चरित्र दुसऱ्या भागात येतं. पहिला भाग जगाच्या निर्मितीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतचा. म्हणजे तो सगळा एक मोठा आगमनकाळच आहे, तोही मराठी ओवीतला.

त्या रविवारचं वाचन लूकच्या शुभवर्तमानातलं होतं. रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं. ते वर्ष लूकचं नुकतंच सुरू झालं होतं. प्रसंग असा. बाप्तिस्मा करणारा योहान नदीकाठी लोकांना सांगतो आहे की, येणाऱ्यासाठी वाट तयार करा. रानात रस्ता करा, खळगे भरा, उंचवटे उतरवा, असं यशया संदेष्ट्यानं फार पूर्वी सांगितलेलंच तो सांगतो. लोक साधा प्रश्न विचारतात, मग आम्ही नेमकं काय करायचं? योहान त्यांना उपास सांगत नाही, यात्रा सांगत नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्यानं एक नसणाऱ्याला द्यावा, अन्नाचंही तसंच. कर गोळा करणाऱ्यांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायांनी दमदाटी करून पैसे उकळू नयेत, पगारात भागवावं.

मला आमच्याकडचे रस्ते आठवले. मंत्री येणार म्हटलं की एका रात्रीत खड्डे बुजतात. मंत्री गेले की आठ दिवसांत पुन्हा जैसे थे. धर्मगुरूंनी प्रवचनात जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा की, ही वाट पाहुण्यापुरती करायची नसते आणि ती चर्चच्या दारापर्यंतही करायची नसते. ती शेजाऱ्याच्या दारापर्यंत करायची असते.

दुपारी मित्रानं मला ते प्रत्यक्ष दाखवलं. धर्मग्रामातल्या घरांचे वाडीवार छोटे समूह केलेले आहेत. आगमनकाळात एकेका संध्याकाळी एकेका घरी जमायचं, बायबलमधला एखादा उतारा वाचायचा, प्रार्थना करायची आणि मग विचारायचं, आपल्या वाडीत कोण आजारी आहे, कुणाकडे यंदा नाताळ होणार नाही? संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावानं चालणारी मंडळी गरजूंच्या घरी शिधा पोचवतात. जे अंथरुणाला खिळले आहेत, त्यांना पवित्र प्रसाद घरी नेऊन देतात. याच दिवसांत लोक पापनिवेदन करतात, धरलेला अबोला सोडतात. सगळेच सोडतात असं नाही. माणसं तिथलीही माणसंच आहेत. बांधावरून, वाटणीवरून भांडणं तिथंही आहेत. पण वर्षातून एकदा कुणीतरी समोर उभं राहून विचारतं, ही गोष्ट मला मोठी वाटली.

तरुण मुलं एका बाजूला गोठा उभारत होती. येशूजन्माचा देखावा लोकांसमोर मांडण्याची चाल असिसीच्या संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी लोकप्रिय केली, असं सांगतात. इथं त्या गोठ्यासाठी घरोघरी थाळीत धान्य पेरून कोंब आणले होते. आपल्या घटस्थापनेची आठवण व्हावी, तसे. गव्हाणी मात्र रिकामी होती. बाळ २४ च्या रात्रीच ठेवायचं.

वाडीत एक गोष्ट सारखी जाणवत होती. मोठी घरं आणि त्यांत एकेकटी म्हातारी माणसं. मुलं आखातात, कॅनडात, नाहीतर मुंबईच्या टोलेजंग इमारतींत. कितीतरी बागांच्या जागी आता इमारती आहेत. मित्राच्या आई दोदोल ढवळत होत्या. धाकटा मुलगा या वर्षी येणार की नाही, ते नक्की नव्हतं. मी म्हटलं, "आई, वाट पाहताय?" त्या म्हणाल्या, "वाट पाहून काय होतं, बाबा? मी पलीकडच्या घरी डबा पाठवते. तिची मुलं तर पाच वर्षं आली नाहीत. वाट पाहायची ती हात चालू ठेवून."

परतीच्या गाडीत हे वाक्य माझ्याबरोबर उदगीरपर्यंत आलं.

माझ्या घरापासून चार घरं सोडून एक निवृत्त गृहस्थ राहतात. पत्नी वारली, मुलं हैदराबादेत. 'जाऊ एकदा' म्हणता म्हणता मी वर्षभर त्यांच्याकडे गेलो नव्हतो. मशिदीत जाताना त्यांच्याच दारावरून जायचो. लांबच्या वसईला जाऊन मी आगमनकाळ समजून घेतला आणि चार घरांवरची वाट मात्र मोडून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. मी म्हटलं, "काका, दार उघडं ठेवता, भीती नाही वाटत?" ते म्हणाले, "कुणी आलंच तर त्याला थांबायला नको, म्हणून ठेवतो."

त्यावर मला काही बोलता आलं नाही. चहा मीच केला.

तेव्हापासून दर रविवारी मी तिकडे जातो. जमेल तसं गप्पा मारतो, पेपर वाचून दाखवतो. यात मोठं काही नाही. डिसेंबर आला की ते आठवणीनं विचारतात, "तुमच्या वसईच्या मेणबत्त्या सुरू झाल्या का?" मग आम्ही बोटांवर रविवार मोजतो. एक मुसलमान, एक हिंदू, आणि मोजणी ख्रिस्ती लोकांच्या आगमनकाळाची. आमच्या गावात मराठी, दखनी, कन्नड, तेलुगू असं सगळंच कानांवर पडतं. त्यात ही एक मोजणी सहज सामावून गेली आहे.