कॅटलिन्सच्या किनाऱ्यावरील हॉइहो

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात, बॅलक्लुथा आणि इन्व्हरकार्गिल या नगरांच्या दरम्यान, कॅटलिन्स नावाचा जो अरण्यमय आणि वाऱ्याने झोडपलेला मुलूख पसरला आहे, त्याच्या किनाऱ्यावर हॉइहो, म्हणजे पिवळ्या डोळ्यांचा दुर्मिळ पेंग्विन, आजही कसाबसा आपला वंश टिकवून आहे.

हा पक्षी पहाटे भक्ष्यासाठी समुद्रात शिरतो आणि दिवस कलल्यावर परततो. म्हणून ज्याचे बिऱ्हाडच कॅम्परव्हॅनच्या चाकांवर आहे, त्याला या दोन्ही वेळा निर्वेधपणे साधतात. मात्र मुक्काम वाटेल तेथे ठोकण्यास मुभा नाही: २०११ च्या कायद्याने त्याविषयीचे नियम घातले आणि २०२३ च्या दुरुस्तीने स्वयंपूर्ण गाडीच्या दाखल्यासाठी तीत कायमचे बसविलेले शौचकूप आवश्यक केले.

क्युरिओ बे येथे ओहोटीच्या वेळी सुमारे सतरा-अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या अश्मीभूत अरण्याचे बुंधे उघडे पडतात. सायंकाळी आम्ही वरच्या लाकडी सज्जावर उभे असताना, फेसाळ लाटेतून जेमतेम दोन फूट उंचीचा एक हॉइहो त्या खडकावर चढला, अंग झाडून ताठ उभा राहिला, आणि डोळ्यांपासून मस्तकामागे गेलेला त्याचा फिकट पिवळा पट्टा स्पष्ट दिसू लागला. पंख किंचित फाकवून, थांबत थांबत, तो दाट झुडपांतील आपल्या घरट्याकडे निघाला. वाटेत मनुष्य दिसला, तर तो पुन्हा पाण्याकडे वळतो आणि त्याने पोटात साठवून आणलेल्या घासासाठी पिले ताटकळत राहतात. पन्नास मीटर अंतर राखण्याच्या नियमाचे मर्म हेच आहे.

या पक्ष्याविषयीचे मूलभूत ज्ञान आपणांस लान्स रिचडेल या कृषिशिक्षकाने दिले. १९३६ पासून ओटागो द्वीपकल्पावर पक्ष्यांना ओळखीची कडी घालून, एखाद्या दक्ष कारकुनाने दप्तर राखावे तशी त्यांनी एकेका जोडप्याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. पुढे १९८७ मध्ये स्थापन झालेल्या पिवळ्या डोळ्यांच्या पेंग्विनांच्या न्यासाने किनाऱ्यावर देशी वृक्षांची लागवड आणि परक्या शिकारी प्राण्यांचा बंदोबस्त हाती घेतला. तरीही मासेमारीची स्थिर जाळी, पिलांना होणारा घटसर्पसदृश रोग, स्टोटसारखे आयात शिकारी आणि समुद्रातील अन्नाची टंचाई यांमुळे मुख्य भूमीवरील जोडपी आता दोनशेहूनही कमी उरली आहेत.

अशा स्थितीत, प्राणी दिसलाच पाहिजे हा प्रवाशाचा हट्ट मला अन्यायाचा वाटतो. घर बरोबर घेऊन हिंडणाऱ्यास परतीच्या घाईची सबब उरत नाही. त्याने दूर थांबावे, वाट मोकळी ठेवावी, आणि हॉइहो न दिसताच गाडी पुढे काढावी लागली, तरी त्याच्या पिलांचा घास चुकला नाही, यातच आपल्या प्रवासाचे सार्थक मानावे.