विकत घेतलेला खेळ कोणाचा?

साहित्याच्या व्याख्यानमालेत संगणकावरील खेळांचा विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. पण हा विषय केवळ खेळापुरता नाही. पैसे मोजून घेतलेली वस्तू आपली होते की नाही, असा हा प्रश्न आहे. संगणकाच्या युगात तो मोठ्या आवाजात विचारला तो खेळ विकत घेणाऱ्या ग्राहकांनी, आणि आज तो आपल्या ई-पुस्तकांपर्यंत येऊन पोचला आहे. म्हणून तो मुळापासून समजून घेऊ.

सुरुवात छापील पुस्तकापासूनच करू. १९०४ साली अमेरिकेतील बॉब्स-मेरिल या प्रकाशनसंस्थेने 'द कास्टअवे' नावाची कादंबरी काढली आणि आत एक सूचना छापली. पुस्तकाची किरकोळ किंमत एक डॉलर आहे, त्याहून कमी किमतीत कोणी विकल्यास तो आमच्या स्वामित्वहक्काचा भंग मानू, असा तिचा आशय होता. न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाने ती ८९ सेंटना विकली. प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९०८ साली निकाल प्रकाशकाच्या विरुद्ध लागला. निकालाचे सार असे, की मजकुराच्या प्रती काढण्याचा हक्क प्रकाशकाचा. पण एखादी प्रत एकदा विकली, की ती पुढे कोणी कितीला विकावी हे तो ठरवू शकत नाही. ती प्रत घेणाऱ्याची झाली.

आपल्याकडे हे कोणी शिकवावे लागले नाही. आजोबांनी घेतलेले पुस्तक नातीच्या कपाटात येते, शेजारी वाचायला जाते, कधी परत येते, कधी येत नाही. बडोद्यात १९१० साली सयाजीराव महाराजांनी ग्रंथालय चळवळ उभी केली आणि पेट्यांमधून पुस्तके गावोगाव फिरवली, त्यामागेही हेच साधे गृहीत होते. घेतलेली प्रत आपली आहे आणि ती दुसऱ्याच्या हाती देण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

संगणकाच्या खेळाची गोष्ट वेगळी निघाली, आणि त्याला कारणही खरे होते. चारशे पानांचे पुस्तक हाताने उतरवून काढायला महिने लागतात. खेळाची हुबेहूब प्रत काही मिनिटांत निघते आणि मूळ प्रत जागच्या जागी राहते. खेळ तयार करायला मात्र शेकडो माणसांची काही वर्षांची मेहनत आणि कोट्यवधींचा खर्च लागतो. विक्रीचा मोठा भाग पहिल्या काही आठवड्यांत होतो. तेवढे दिवस तरी चोरट्या प्रती बाजारात येऊ नयेत, असे कंपनीला वाटणे गैर नाही.

म्हणून कुलपे आली. सुरुवातीची कुलपे गमतीदार होती. खेळ सुरू करताना पडद्यावर प्रश्न येई: पुस्तिकेच्या अमुक पानावरील अमुक शब्द कोणता? १९९० च्या 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' या खेळाच्या खोक्यात पुठ्ठ्याच्या दोन चकत्या असत. त्या फिरवून समुद्री चाच्याचे तोंड जुळवायचे आणि खिडकीत दिसणारे साल टाइप करायचे. पुढे सीडी आली, तेव्हा मूळ सीडी यंत्रात घातल्याशिवाय खेळ सुरू होईना. हा त्रासच होता. पण एक गोष्ट लक्षात घ्या: चकती, पुस्तिका, सीडी या सगळ्या किल्ल्या ग्राहकाच्या हातात होत्या. खोके मित्राला दिले, की किल्लीही त्याच्याकडे जाई.

इंटरनेट घरोघर आल्यावर किल्ली जागा बदलून कंपनीकडे गेली. या पद्धतीला ॲक्टिव्हेशन म्हणतात. ती चालते अशी: आपण खेळ संगणकात भरतो आणि खोक्यावरचा सीरियल नंबर टाकतो. खेळ आपल्या संगणकाच्या भागांवरून त्या यंत्राची एक ओळख तयार करतो, जणू अंगठ्याचा ठसाच. नंबर आणि ठसा इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातात. सर्व्हर आपल्या वहीत नोंद करतो आणि 'ठीक आहे' असे कळवतो. मगच खेळ उघडतो. या नोंदी किती होऊ द्यायच्या, याची मर्यादा कंपनी ठरवते. मर्यादा तीन असेल तर चौथ्या वेळी उत्तर 'नाही' असे येते.

ऐकायला तीन संगणक पुष्कळ वाटतात. पण अडचण मोजण्यात आहे. समजा, तुमच्या मुलाने खेळ घेतला. वर्षभराने व्हायरस शिरला म्हणून संगणक फॉरमॅट करून घेतला. मग त्याने नवे ग्राफिक्स कार्ड बसवले. अशा प्रत्येक वेळी सर्व्हरला ते वेगळेच यंत्र वाटू शकते. हार्ड डिस्क बंद पडली, तर जुनी नोंद रद्द करायलाही संधी नसते. घरात संगणक एकच, खेळणारा एकच, तरी तीन संधी संपल्या. आता कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून आपण चोर नाही हे सांगत बसायचे, आणि हे सगळे पूर्ण किंमत मोजल्यावर.

या पद्धतीवरचा राग सर्वांत जास्त उसळला तो २००८ च्या सप्टेंबरमध्ये, 'स्पोर' या खेळावरून. विल राइट हे त्याचे रचनाकार, मॅक्सिस हा तयार करणारा स्टुडिओ आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही प्रकाशक कंपनी. एका सूक्ष्म जिवापासून सुरुवात करून अंतराळात संचार करणाऱ्या संस्कृतीपर्यंत पोचायचे, अशी त्याची भव्य कल्पना. लोक काही वर्षे वाट पाहत होते. त्यात 'सिक्युरॉम' नावाची संरक्षण प्रणाली होती आणि ॲक्टिव्हेशनची मर्यादा होती तीन. शिवाय एका प्रतीवर एकच खाते उघडता येई, त्यामुळे एकाच घरातल्या दोन भावंडांना आपापली स्वतंत्र खाती ठेवता येईनात. पुस्तिकेत मात्र अनेक खाती उघडता येतील असे छापले होते. ती छपाईची चूक होती, असा खुलासा नंतर झाला.

ग्राहकांनी ॲमेझॉनच्या दुकानात जाऊन आपले मत नोंदवले. काही दिवसांतच दोन हजारांहून अधिक जणांनी या खेळाला पाचपैकी एकच तारा दिला. खेळ वाईट आहे ही त्यांतल्या बहुतेकांची तक्रार नव्हती. आम्ही पूर्ण पैसे दिले आणि मिळाला भाड्याचा खेळ, ही होती. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातील न्यायालयात ग्राहकांच्या वतीने दावाही दाखल झाला. सिक्युरॉम आपल्या संगणकात बसवले जाते आणि खेळ काढून टाकला तरी ते मागे राहते, हे विकताना सांगितले गेले नाही, असा त्यात आरोप होता.

कंपनीची बाजू अशी होती, की एकापेक्षा जास्त संगणकांवर खेळ बसवणारे ग्राहक थोडे असतात आणि तीनपेक्षा जास्त संगणकांवर बसवू पाहणारे तर शंभरात एकही नसतो. हिशेब कदाचित बरोबर असेल. पण ज्याच्या वाट्याला ती अडचण येते, त्याला बाकीचे नव्व्याण्णव सुखात आहेत हे ऐकून समाधान होत नाही. आणि आज खेळणारा नव्व्याण्णवांतला माणूस पाच वर्षांनी तोच खेळ पुन्हा काढून बसेल, तेव्हा कंपनीचा सर्व्हर चालू असेल याची हमी कोण देणार?

खरी मेख पुढेच आहे. हे कुलूप ज्याच्यासाठी लावले, त्याला ते अडवू शकले नाही. खेळ दुकानात अधिकृतपणे येण्याआधीच कुलूप फोडलेली चोरटी प्रत इंटरनेटवर फिरू लागली. फाइल-देवघेवीच्या बातम्या देणाऱ्या 'टॉरेंटफ्रीक'ने २००८ च्या अखेरीस जी यादी केली, तिच्यात सर्वाधिक चोरट्या प्रती उतरवलेला संगणकीय खेळ म्हणून 'स्पोर'च पहिला होता. अंदाज सुमारे १७ लाखांचा. चोरट्या प्रतीला ना सीरियल नंबर लागे, ना सर्व्हरची परवानगी, ना तीनची मर्यादा. म्हणजे पैसे देणाऱ्याच्या हाती अडचणीची प्रत आणि न देणाऱ्याच्या हाती बिनअडचणीची. चोरीचे समर्थन यातून होत नाही. पण प्रामाणिक माणसालाच गैरसोय देणारे कुलूप त्याच्या प्रामाणिकपणाची किंमत कमी करते, हे मान्य करावे लागेल.

कंपनीला माघार घ्यावी लागली. त्याच महिन्यात मर्यादा तीनवरून पाच झाली. पुढे जुन्या संगणकावरची नोंद रद्द करण्याची सोय आली आणि डिसेंबरमध्ये 'स्टीम' या ऑनलाइन दुकानात सिक्युरॉमशिवाय 'स्पोर' विकायला आला. हे एकटे उदाहरण नव्हते. २००७ च्या 'बायोशॉक'ची मर्यादा आधी दोन होती, ती पाच केली आणि पुढच्या वर्षी काढूनच टाकली. २००८ च्या 'मास इफेक्ट'ने तर दर दहा दिवसांनी इंटरनेटवर हजेरी लावायची अट जाहीर केली होती; ओरड झाल्यावर ती खेळ येण्याआधीच रद्द झाली. ग्राहक एकत्र बोलले की कंपन्या ऐकतात, एवढे त्या वर्षाने दाखवून दिले.

पण तक्रार करायला समोर कोणी नसते, तेव्हा काय होते? २०१५ साली 'विंडोज १०' आली, तेव्हा मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणासाठी सीडीवरच्या काही जुन्या कुलपांना आधार देणे बंद केले. कपाटातल्या अस्सल, बिलासकट जपलेल्या सीडी एका फेऱ्यात निरुपयोगी झाल्या. 'ट्रॉन: एव्होल्युशन' या खेळाचे तर २०१९ मध्ये असे झाले, की त्यातील सिक्युरॉमचा परवानाच संपला आणि खेळ सुरू होईनासा झाला. २०१४ चा मोटारींच्या शर्यतीचा 'द क्रू' हा खेळ सर्व्हरशिवाय चालतच नसे; ३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्ट कंपनीने सर्व्हर बंद केले आणि विकत घेतलेल्या सगळ्या प्रती त्या दिवशी संपल्या.

दुसरा मार्ग नव्हता असेही नाही. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट या कंपनीने 'स्पोर'च्याच वर्षी, २००८ मध्ये, जीओजी नावाचे ऑनलाइन दुकान काढले. तिथले खेळ कुलपाविना मिळतात. फाइल उतरवून घ्या, जपून ठेवा, हवी तेव्हा पुन्हा बसवा. ते दुकान आजही चालू आहे.

कायद्यानेही हळूहळू दखल घेतली आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, विकणाऱ्याला पुढे परत घेता येईल असा डिजिटल माल विकताना नुसते 'विकत घ्या' असे लिहिता येत नाही. ग्राहकाला केवळ परवाना मिळतो आहे, हे स्पष्ट सांगावे लागते. भारतात १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने संगणक प्रोग्रॅमची कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला, ती हरवली किंवा बिघडली तर हाताशी असावी म्हणून, राखीव प्रत काढण्याची मुभा दिली आहे. २०१२ च्या दुरुस्तीने मात्र हक्कभंगाच्या हेतूने कुलूप फोडणे हा गुन्हा ठरवला.

आता ई-पुस्तकांकडे वळू. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून काही पुस्तके त्यांना न विचारता दुरूनच पुसून टाकली. ज्याने ती विक्रीला ठेवली त्याच्याकडे हक्क नव्हते, हे कारण खरे होते, आणि पैसेही परत दिले गेले. पुसलेल्या पुस्तकांत जॉर्ज ऑर्वेलचे '१९८४' होते. छापील पुस्तकाच्या बाबतीत प्रकाशकाला असे करायचे असते, तर रात्री घरात शिरून कपाट उघडावे लागले असते.

म्हणून वाचकहो, खेळ असो की ई-पुस्तक, पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. इंटरनेट नसताना हे उघडेल का? संगणक बदलला तर पुन्हा बसवता येईल का, आणि किती वेळा? विकणारी कंपनी उद्या बंद झाली, तर माझ्याकडे काय उरेल? संगणक फॉरमॅट करण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी, सोय असल्यास जुनी नोंद रद्द करून घ्या. बिल आणि सीरियल नंबर जपून ठेवा. परवाना म्हणून मिळते आहे ते भाडे समजून घ्या आणि भाड्याइतकीच किंमत द्या. जे पुढच्या पिढीकडे जावे असे वाटते, ते मात्र किल्ली आपल्या हातात राहील अशाच रूपात घ्या.