रोजा सारखाच, छप्पर वेगळे

रोजा सगळ्यांचा सारखा असतो, असे म्हणतात. कारखान्याचा मालक असो की हमाल, पहाटेची सहर आटोपली की सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. भुकेच्या बाबतीत हे खरेच आहे. उन्हाच्या बाबतीत मात्र नाही. कराची शहराला 2015 मध्ये ते फार मोठी किंमत मोजून कळले.

त्या वर्षी रमजान जूनमध्ये आला. 19 तारखेला पहिला रोजा झाला आणि दुसऱ्याच दिवशी पारा 45 अंशांच्या आसपास गेला. कराची समुद्रकाठी आहे, एरवी तिथे खारा वारा सुटतो. अरबी समुद्रावरच्या कमी दाबाच्या पट्ट्याने तो अडवला. त्यात वीज सारखी जात होती. वीज गेली की पंखा बंद, आणि पंप बंद म्हणजे पाणीही नाही. काही दिवसांत 1200 हून अधिक माणसे दगावली. ईधी फाउंडेशनच्या शवागारात मृतदेह ठेवायला जागा उरली नाही. मेलेल्यांत मजूर, बेघर आणि म्हातारी माणसे फार होती. ऊन श्रीमंत वस्तीतही तेवढेच होते, पण तिथे जनरेटर होते.

रोज्यामुळे माणसे मेली, असे तेव्हा काहींनी म्हटले. ते पुरते खरे नाही. आजारी माणसाला आणि प्रवाशाला कुराणानेच सूट दिली आहे. राहिलेले रोजे पुढे भरून काढता येतात. जिवावर बेतत असेल तर रोजा सोडा, असे उलेमांनीही त्या दिवसांत जाहीरपणे सांगितले. पण हातगाडी ओढणाऱ्याने ही सूट घ्यायची कुठे? रमजानात दिवसा उघड्यावर खाण्यापिण्याला तिथे 1981 च्या कायद्याने मनाई आहे, आणि घर कोसभर दूर. शिवाय बसून राहिले तर त्या दिवसाची मजुरी गेली.

उन्हाचा आकडाही सगळ्यांचा नसतो. पेपरात छापून येणारे तापमान मोकळ्या जागेत, सावलीतल्या पेटीत मोजलेले असते. पत्र्याच्या खोलीत ते कोणी मोजत नाही. पत्रा दुपारभर तापतो, पंखा तीच गरम हवा खाली लोटतो. भिंतीला भिंत लागलेली, खिडकी असली तर गल्लीकडे, आणि गल्लीत शेजारच्या इमारतीच्या एसींची गरम हवा. दिवसाचे ऊन माणूस कसेबसे काढतो. रात्रीही अंग निवत नाही तेव्हा खरा धोका सुरू होतो.

अहमदाबादने हे आधी ओळखले. 21 मे 2010 रोजी तिथे पारा 46.8 अंशांवर गेला होता. त्या महिन्यातले मृत्यू पुढेमागच्या वर्षांच्या मे महिन्याशी ताडून पाहिले, तेव्हा 1344 जास्त भरले. यातल्या बहुतेकांच्या कागदावर उष्माघात लिहिलेला नव्हता. मग 2013 मध्ये महापालिकेने उष्णतेसाठी कृती आराखडा केला: आगाऊ इशारे, पाण्याची सोय, डॉक्टरांना प्रशिक्षण. एका रुग्णालयात बाळंतिणींचा वॉर्ड सर्वांत वरच्या मजल्यावर होता, तापलेल्या गच्चीखाली. तो खालच्या मजल्यावर आणला आणि उन्हाने आजारी पडणारी तान्ही बाळे कमी झाली. एवढी साधी गोष्ट! पुढे गरीब वस्त्यांतली छपरे पांढऱ्या रंगाने रंगवली गेली. पांढरे छप्पर ऊन परतवते, खोली काही अंशांनी थंड राहते.

मालेगाव-भिवंडीत यंत्रमाग पत्र्याखालीच चालतात. सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवलेली, मजुरी विणलेल्या कापडावर. तिथे रोजा असलेला कारागीर आणि रोजा नसलेला कारागीर एकाच भट्टीत उभे असतात. चांद्र वर्ष दरसाल दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते, म्हणून रमजान आता मे-जूनमधून बाहेर पडला आहे. पत्रा तिथेच आहे.

रमजानात सदका म्हणून गल्लोगल्ली धान्याचे किट वाटले जाते. इफ्तारला सरबताची पिंपे लागतात, आणि ती भरायला कितीतरी ठिकाणी हिंदू शेजारीही येतात. त्याच वर्गणीतून यंदा पांढऱ्या रंगाचे चार डबे घेतले, तर ईदनंतरच्या रविवारी मोहल्ल्यातल्या पोरांना एका ओळीची छपरे रंगवून काढता येतील.