मूळपेशी मारल्या की कॅन्सर संपला?

फुप्फुसाच्या कॅन्सरविषयी वाचताना ‘कॅन्सर स्टेम सेल्स’ हा विषय आला की सोबत गैरसमजही येतात. एक आधी निकालात काढू. बाळाच्या नाळेतलं रक्त बँकेत ठेवतात, त्यातल्या मूळपेशींशी यांचा संबंध नाही. या गाठीतल्याच पेशी, गाठ पुन्हा उभी करण्याची ताकद असलेल्या. ‘स्टेम सेल टोचून फुप्फुसाचा कॅन्सर बरा करतो’ म्हणणाऱ्याची पायरीही चढू नये.

‘केमोनं गाठ गेली, आता काय उरलं?’ स्मॉल सेल प्रकारात गाठ सुरुवातीला झपाट्यानं आटते, घरात पेढे वाटले जातात आणि बहुतेकांचा आजार वर्ष-दीड वर्षात परततो. एक सेंटिमीटरच्या गाठीत १० ते १०० कोटी पेशी असतात. लाखभर उरल्या तरी स्कॅनला पत्ता लागत नाही. केमोचा मारा मुख्यतः भराभर विभागणाऱ्या पेशींवर असतो. संथ पडून राहणाऱ्या वाचतात.

मग हरळीची मुळी खणली की वावर साफ, तसं या मूळपेशींचं का नाही? कारण इथे मुळी ठरलेली नाही. २००८ साली इटलीतल्या संशोधकांनी सीडी१३३ हे प्रथिन अंगावर असलेल्या मोजक्या पेशी उंदरांना टोचल्या, तर गाठी उगवल्या; इतर पेशींतून नाही. पुढे इतरांना सीडी१३३ नसलेल्या पेशींतूनही गाठी झालेल्या दिसल्या. २०१० चा प्रयोग तर फारच बोलका. ईजीएफआर जनुकात बदल असलेल्या कॅन्सरपेशींवर नेमकं औषध टाकलं, जेमतेम ०.३ टक्के वाचल्या. औषध काढलं, त्या पुन्हा वाढल्या, आणि त्यांची पिलावळ त्याच औषधाला परत बळी पडू लागली! म्हणजे हा चिवटपणा जन्मजात जातीसारखा नसून पेशीनं तात्पुरता घेतलेला पवित्रा होता. आज मारलेल्यांची जागा उद्या दुसऱ्या पेशी घेऊ शकतात.

म्हणूनच ‘मूळपेशींवरचं औषध आलं की झालं’ हेही घाईचं. स्मॉल सेलमध्ये डीएलएल३ प्रथिनावर नेम धरणारं ‘रोव्हा-टी’ याच कल्पनेवर गाजलं, मोठ्या चाचण्यांत पडलं आणि २०१९ मध्ये गुंडाळलं गेलं. गंमत म्हणजे त्याच डीएलएल३ला धरून रुग्णाच्या टी-पेशींना गाठीवर सोडणाऱ्या टारलाटामॅबला अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

आणि बायोप्सीच्या रिपोर्टात या पेशींचा रकाना दिसला नाही, तर लॅबशी भांडू नका. नॉन-स्मॉल सेल प्रकारात उपचार ठरवायला आज ईजीएफआर, एएलके आणि पीडी-एल१ यांसारख्या तपासण्या लागतात. त्या झाल्या का, ते विचारा.