घरखरेदीतील मुद्रांक शुल्काची तरतूद

महाराष्ट्रात घराची मालकी हस्तांतरित होताना राज्य शासनाला जो कर द्यावा लागतो त्यास मुद्रांक शुल्क म्हणतात, आणि घराच्या अंदाजपत्रकात सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी मोठी रक्कम बहुधा हीच असते. हे शुल्क करारातील किंमत आणि शासनाच्या वार्षिक दरतक्त्यानुसार, म्हणजे बोलीभाषेतील रेडी रेकनरनुसार, निघणारे बाजारमूल्य यांपैकी जी रक्कम अधिक असेल तिच्यावर आकारले जात असल्याने, घासाघीस करून भाव उतरवला तरी शुल्क उतरेलच असे नाही. मुंबईत एक टक्का मेट्रो अधिभारासह शुल्काचा दर सहा टक्के आहे. त्यामुळे करार ८० लाखांचा आणि दरतक्त्याचे मूल्य ८५ लाखांचे असल्यास शुल्क ५,१०,००० रुपये होते व नोंदणी फी ३०,००० रुपये लागते. सर्व खरेदीदार महिला असतील तर निवासी घरावर एक टक्का सवलत मिळते, मात्र पतीचे नाव जोडताच ती जाते.

खरी अडचण कर्जाची असते, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दहा लाखांवरील घराच्या कर्जमर्यादेचा हिशेब करताना हे शुल्क घराच्या किमतीत धरता येत नाही. वरील उदाहरणात ८० टक्के, म्हणजे ६४ लाख कर्ज मिळाले तरी १६ लाखांच्या स्वहिश्श्याव्यतिरिक्त ५,४०,००० रुपये रोख शिलकीतूनच उभे करावे लागतात.