डाव्या खुर्चीचा हिशेब

वाढत्या विमान कंपनीत को-पायलटला खुणावते ती कॅप्टनची डावी खुर्ची. बढती साधारणपणे ज्येष्ठतेनुसार. विमानं भराभर आली तर ती लवकर मिळते. पण ऑर्डर दिलेलं विमान म्हणजे हाती आलेलं विमान नव्हे. २०२२मध्ये उड्डाणं सुरू करणाऱ्या अकासा एअरची बोइंग विमानं रखडली आणि भरती झालेले कित्येक वैमानिक नुसतेच बसून राहिले. उड्डाणाचे तास नाहीत, तर पुढचं सगळंच अडतं.

म्हणून पगाराच्या आकड्याआधी बाँड, म्हणजे ठरावीक काळ कंपनी न सोडण्याचा करार, वाचावा. नोटिशीची मुदतही: नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) २०१७च्या नियमानुसार कॅप्टनला १ वर्ष, को-पायलटला ६ महिने. मोठी कंपनी तरी सुरक्षित का? २०१९मध्ये जेट एअरवेज बंद पडली, तेव्हा मुरलेल्या कॅप्टनांचेही पगार थकलेले होते.