एक शरीर, तीन फायली



आमच्या सासूबाई 71 वर्षांच्या. मधुमेह, बीपी आणि आता किडनीचाही त्रास. कोपरखैरण्याच्या आमच्या घरात तीन डॉक्टरांच्या तीन फायली आहेत. प्रत्येक फाईल वेगळी, पण शरीर तर एकच ना!

हे आम्हाला उशिरा कळलं. गेल्या पावसाळ्यात गुडघे दुखतात म्हणून आईंनी मेडिकलमधून गोळ्या आणून आठवडाभर घेतल्या. पायांवर सूज आली, बीपी वाढलं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांमुळे किडनीचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो आणि अंगात मीठ-पाणी साठतं. गुडघ्याचं औषध किडनीला भोवलं.

दुसरी गोष्ट साखरेची. किडनी मंदावली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं. त्यामुळे डोस तोच असला तरी साखर अचानक उतरू शकते. घाम, थरथर, उगाच चिडचिड दिसली तर लगेच तपासावी. 70 पेक्षा कमी असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.

मग आम्ही एक वही केली. तिच्यात इतकंच असतं:

1. सगळ्या गोळ्या, कंपनीच्या नावासोबत आतल्या औषधाचं नाव.
2. बीपी आणि साखर, तारखेसह.
3. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न.

तीनही डॉक्टरांना हीच वही दाखवायची. नवीन गोळी आली की आधी विचारायचं, "ही किडनीला चालेल ना?"

एक चूक मात्र माझी. सुरुवातीला मीच लिहायचे आणि गृहपाठ तपासावा तशी वही तपासायचे. एकदा आई म्हणाल्या, "तू मला तुझ्या वर्गातलं पोर समजतेस." तेव्हा कळलं, आकडा वाढला की त्या तो सांगतच नव्हत्या. माझ्या बोलण्याच्या भीतीने! खोट्या आकड्यांवर डॉक्टर तरी काय करणार?

आता पेन त्यांच्याकडे असतं. परवा वहीत दिसलं, "अर्धी जिलबी खाल्ली. साखर 210." मी काही बोलले नाही. खाली त्यांनीच लिहिलं होतं, "डॉक्टरांना विचारणे."

तुमच्या घरीही अशा फायली असतील, तर या रविवारी त्या माणसाशेजारी बसून वही सुरू करा. पेन मात्र त्यांच्याच हातात द्या.